पंधरा पैशांची चाल

आजोबांचा पट कापडाचा होता. मांजरपाटाच्या चौकोनावर आजीने लाल दोऱ्याने घरं टाचलेली, कडेला एक नाडी. गुंडाळला की बंडीच्या खिशात मावायचा. त्यावर काळी-पांढरी घरं नव्हतीच, नुसत्या रेघा. नगर तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या पारावर तो पट उलगडला की आम्ही पोरं भोवती बसायचो. बोलायची परवानगी नव्हती. शिकवणं असं कुणी करत नसे. बघून बघून जे येईल ते आपलं.

तो खेळ देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, मात्र राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचलं, ते मोहरं व्हायचं. उंटाच्या घरात गेलं तर उंट, हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती. समोरच्याचा एकटा राजा उरला तर ती ‘बुर्जी’, म्हणजे अर्धीच जीत. आणि कुणी प्यादेमात केली, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनाही ते ठाऊक असायचं. शेजारच्या गावात यातला एखादा नियम वेगळा निघे, म्हणून सोयऱ्यांबरोबर खेळायच्या आधी अर्धा तास नुसती बोलणी चालत.

या खेळाला आपल्याकडे शास्त्राची बैठकही होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूप मुंबईत १८१४ साली छापलं गेलं, तेही युरोपीय पद्धतीला जुळवून. पारावरच्या माणसांना त्याची खबर नव्हती. पुढे १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिथे आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. स्पर्धा आल्या तशी आंतरराष्ट्रीय पद्धत आली, आणि पारावरचे नियम एका पिढीत मावळले. नवे नियम आले याचं मला वाईट वाटत नाही. त्यांच्यामुळेच आपली मुलं जगाशी खेळू शकली. पण जुने कुणी नीट लिहून ठेवायला हवे होते, ही रुखरुख आहे.

मी नवी पद्धत शिकलो ती सांगलीमुळे. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि आयुष्य त्यात घातलं. डी.एड.ला माझ्याबरोबर सांगलीकडचा एक मित्र होता. त्याने मला किल्लेकोट दाखवला, घड्याळ लावून खेळायला लावलं, आणि चाली लिहायला शिकवल्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी. आजोबांचे डाव हवेत विरले. ते काय खेळले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. लिहिलेला डाव मात्र कुठेही जाऊ शकतो.

माझा डाव पोस्टाने गेला. १९८३ साली मला पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली. गावात खेळणारं कुणी नव्हतं. मित्र सांगलीला. मग आम्ही पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर डाव मांडला. वर ‘सप्रेम नमस्कार’, खाली समोरच्याची चाल, तिच्याखाली आपली, आणि उरलेल्या जागेत पाऊसपाणी. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ पासून अक्षर-आकड्यांचीच नोंद मान्य केली होती, आम्हीही तीच धरली. कार्ड जायला चार दिवस, यायला चार. माझा पट वर्गातल्या कपाटावर मांडलेला असे. मुलं रोज येऊन बघत, सरांच्या घोड्याचं काय झालं. एकदा पावसाळ्यात कार्ड हरवलं आणि दोघंही तीन आठवडे एकमेकांची वाट बघत बसलो. चौतीस चालींचा तो डाव दहा महिन्यांनी संपला, मी हरलो. पण त्या दहा महिन्यांत वर्गातली अकरा मुलं आपोआप खेळायला लागली. दुरून आलेल्या चालीवर गावातली मुलं घडतात, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या जिल्ह्यातून मोठ्या प्रशिक्षकाकडे जायचं म्हणजे पुणं नाहीतर मुंबई. आपला शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला, शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी त्याच्या तीन वर्षं आधी. त्यांची नावं मी वर्गात फळ्यावर लिहायचो. मुलं विचारायची, सर, तिथे कसं जायचं? मला उत्तर देता यायचं नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. मी तोवर निवृत्त होऊन नगरला सावेडीत राहायला आलो होतो. जुन्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा फोन आला, सहावी ते आठवीची पोरं घरात कोंडली आहेत, त्यांना काहीतरी शिकवा. लीचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ विनामूल्य होतं. त्यावर एकाच पटावर सगळ्यांना बसवता येतं, बाण काढून चाल दाखवता येते. चेहरे दाखवले तर दिवसाचा दीड जीबी लगेच संपतो, म्हणून आम्ही फक्त पट आणि आवाज ठेवला. वेळ रात्री आठची, कारण घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर रानात गेलेला असतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिंपियाड झालं. भारताचा कर्णधार विदित. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट मध्येच तुटलं आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. शेवटी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची, माझ्या आठवीच्या मुलांएवढी. रेंज गेल्यामुळे डाव हातचा जाणं काय असतं, हे माझ्या पोरांना कुणी समजावायची गरज नव्हती. २०२५ च्या जुलैमध्ये तीच दिव्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आमचा ऑनलाइन तास तोवर चालूच होता. त्या रात्री शिकवणं झालंच नाही, सगळी एकदम बोलत होती.

पडद्यावर शिकवताना एक गोष्ट हातातून सुटते. पारावर आजोबांना समोरच्याचा हात दिसायचा. हात उंटाकडे जाऊन थबकला, म्हणजे मनात काय आहे ते कळायचं. हात लावला ते मोहरं खेळायचं, हा नियम कडक होता. फोनवर बोट घसरतं, नाहीतर विचाराआधीच चाल होऊन जाते. काही मुलं दुसऱ्या फोनवर यंत्राला विचारूनही घेतात. म्हणून मी अट घातली आहे. शेजारी खरा पट मांडायचा, चाल आधी त्यावर करायची, वहीत लिहायची, मग पडद्याला बोट लावायचं. पट विकत घ्यायलाच हवा असं नाही.

मागच्या दिवाळीनंतर पाथर्डीकडची सातवीतली एक मुलगी तासाला दिसेना. आईबाप ऊसतोडीला, तीही बरोबर गेली होती. महिन्याभराने अचानक रात्री साडेआठला तिचं नाव उगवलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज. “सर, पट हाय,” ती म्हणाली आणि फोटो पाठवला. खताच्या गोणीवर कोळशाने आखलेली चौसष्ट घरं. उसाच्या कांड्यांचे तुकडे म्हणजे मोहरे. हत्ती जाड, प्यादी करंगळीएवढी, घोड्याला तिरपा काप, राजाच्या डोक्याला पाचटाची गाठ. काळी बाजू चुलीच्या राखेत घोळवलेली. दर आठ दिवसांनी ते वाळून सुरकुततात, मुंग्या लागतात, मग ती नवे कापते. किल्लेकोट करताना हत्ती मोडला म्हणून एकदा तिने मला थांबायला सांगितलं होतं.

कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, चार्जिंगची सोय नाही. मुकादमाच्या गाडीवर फोन लावायला मिळेल तेव्हाच. तासाला बसणं तिला जमेना, तेव्हा मी म्हटलं, आपण रोज एक-एक चाल पाठवू. आता आमचा तसा डाव चालू आहे. माझा लाकडी पट इथे टेबलावर मांडलेला आहे, नातू येता-जाता बघतो. काल रात्री तिची सतरावी चाल आली, घोडा एफ ५. खाली लिहिलंय, इथे थंडी लई आहे. घोडा मारावा की वजीर हलवावा, माझं अजून ठरलेलं नाही.