दुसऱ्या साहेबाचा रकाना

नव्वदीच्या दशकात पुण्यात क्लास लावून जे ओरॅकल हा डेटाबेस शिकले, त्यांना ‘स्कॉट’ हे युजरनेम आणि ‘टायगर’ हा पासवर्ड झोपेतही आठवेल. त्या खात्यात ‘एम्प’ नावाचं सरावाचं टेबल असायचं. 14 कर्मचारी, प्रत्येकाचा क्रमांक, नाव, हुद्दा, पगार, खातं आणि ‘एमजीआर’ हा एक रकाना. त्यात साहेबाचा क्रमांक. सगळ्यात वर किंग. तो प्रेसिडेंट, म्हणून त्याचा रकाना रिकामा. ‘कनेक्ट बाय’ लिहिलं की अख्खी उतरंड पडद्यावर यायची आणि आम्ही खूश व्हायचो. एका माणसाला एकच साहेब असतो, हे त्या टेबलाने आमच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

पुढे माझा सगळा जन्म मनुष्यबळाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, आणि त्यातली निम्मी भांडणं या एका रकान्यावरून झालेली मी पाहिली.

एकाच साहेबाचा आग्रह कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना. न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेच्या डॅनियल मॅककॅलमने 1855 मध्ये आपल्या कारभाराचा तक्ता काढून घेतला. तो झाडासारखा होता: मुळाशी संचालक मंडळ आणि तिथून फुटत गेलेल्या फांद्या. प्रत्येकाने फक्त आपल्या लगतच्या वरिष्ठाला जबाब द्यायचा, हा त्याचा नियम. फ्रान्समध्ये आंरी फायोलने 1916 मध्ये त्याचंच तत्त्व करून ठेवलं. मधल्या काळात टेलरने एका कामगारावर आठ फोरमन नेमायची कल्पना मांडली होती. ती फारशी कुठे चालली नाही, आणि कामगाराच्या दृष्टीने ते बरंच झालं.

आपल्याकडे पेशवाईत मात्र वेगळा प्रकार होता. मोठ्या कामगिरीवरच्या अधिकाऱ्याजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस असे आठ दरकदार असायचे. काम त्याच्या हाताखाली, पण नेमणूक सरकारची. त्याला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांच्यामुळे त्याला हिशेबात मनमानी करता येत नसे. दुसरा साहेब तिथे मुद्दाम, अविश्वासापोटी ठेवलेला होता. एवढा स्पष्ट हेतू मी नंतर एकाही कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये वाचला नाही.

दोन साहेबांच्या रचनेला मॅट्रिक्स हे नाव रूढ झालं ते अमेरिकेत, क्षेपणास्त्रं आणि अंतराळयानं बांधणाऱ्या कंपन्यांमध्ये. सरकारला प्रत्येक प्रकल्पामागे जबाबदार असा एक माणूस हवा होता. कंपन्यांना आपले धातुशास्त्राचे, इलेक्ट्रॉनिक्सचे विभाग मोडायचे नव्हते. मग इंजिनिअर दोघांचा झाला: ज्ञानासाठी विभागप्रमुखाचा, कामासाठी प्रकल्पप्रमुखाचा. 1964 मध्ये जॉन मी यांनी ‘बिझनेस होरायझन्स’मध्ये या रचनेवर लेख लिहिला, तोवर ती बऱ्याच ठिकाणी मुरली होती.

आता गंमत बघा. याच उद्योगात, अपोलो या अंतराळ मोहिमेच्या सुट्या भागांची अफाट यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन आणि कॅटरपिलर यांच्याबरोबर ‘आयएमएस’ हा डेटाबेस बनवला. कॅलिफोर्नियातल्या डाउनीला तो 1968 मध्ये सुरू झाला. त्याची घडण झाडाची: प्रत्येक नोंदीला एक आणि एकच पालक. बोल्ट या पंपाचा, पंप या इंजिनाचा. यंत्राच्या भागांना हे शोभतं. पण ज्या उद्योगात माणसांना दोन-दोन साहेब मिळाले, त्याच उद्योगाने नोंदी ठेवायला एका पालकाचं यंत्र घडवलं! पुढे आयएमएसमध्येही दुसऱ्या पालकाची सोय करावी लागली. खरा तो ‘फिजिकल पेरेंट’, दुसरा ‘लॉजिकल पेरेंट’. आपल्या ऑफिसांच्या तक्त्यांतली मुख्य साहेबाची सरळ रेघ आणि दुसऱ्याची ठिपक्यांची रेघ यांचं नातं मला हुबेहूब तसंच दिसतं.

कॉड यांनी 1970 मध्ये नोंदी टेबलांमध्ये ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली. तिच्यात दोन साहेब नोंदवणं मुळीच अवघड नाही; नात्यांसाठी एक वेगळं टेबल केलं की झालं. पण कर्मचाऱ्यांचं टेबल बनवणारा माणूस डोळ्यांसमोर पगारपत्रक ठेवून बसलेला असायचा, आणि पगाराला एकच खातं पुरतं. माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात. तिथे रजेच्या अर्जावर खाली एकाच सहीची जागा होती. कॉम्प्युटर आला तेव्हा तो अर्ज जसाच्या तसा पडद्यावर चढला. कित्येक प्रणाली अशाच जन्मल्या असणार.

सॅप या कंपनीच्या आर/3 प्रणालीने (1992) यात खरी उडी मारली, आणि मी अजूनही त्या जर्मन मंडळींना मानते. त्यात साहेब हा रकाना नव्हता, नातं होतं. विभाग, पद, माणूस या तीन वेगळ्या वस्तू. त्यांच्यामधल्या प्रत्येक नात्याला क्रमांक. माणूस पद धारण करतो ते 008, पद विभाग सांभाळतं ते 012, एक पद दुसऱ्याच्या हाताखाली येतं ते 002. ठिपक्यांच्या रेघेलाही स्वतंत्र क्रमांक होता, 088. प्रत्येक नात्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि शेवट माहीत नसेल तर 31-12-9999. साहेबाची बदली तीन महिन्यांत होणार हे चहावाल्याला ठाऊक असायचं, तरी सिस्टीममध्ये तो वर्ष 9999 पर्यंत बसलेला असे.

त्याच दशकात मॅट्रिक्सचं सर्वात मोठं नाव एबीबी होतं. स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी 1988 मध्ये एक झाल्या, आणि पर्सी बार्नेविक यांनी स्थानिक कंपन्यांच्या प्रमुखांना दोन वरिष्ठ दिले: एक देशाचा, एक धंद्याचा. मॅनेजमेंटच्या वर्गांत ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली गेली. 1998 मध्ये गोरान लिंडाल यांनी ती रचना मोडली. शिकवणं मात्र चालूच राहिलं.

आमच्याकडे हे सगळं हिंजवडीच्या वाटेने आलं. टीम पुण्यात, ‘फंक्शनल हेड’ म्युनिकला किंवा शिकागोला. क्लायंटची फाइल यायची, त्यात दोन रकाने: मॅनेजर आणि मॅट्रिक्स मॅनेजर. भरायला तासभर. त्यानंतर मी विचारायची, रजा कोण मंजूर करणार? खोलीत शांतता. पगारवाढीचा आकडा कोण लिहिणार? अधिकच शांतता. एका बैठकीत पुण्याचे साहेब म्हणाले, “मॅडम, दोघांकडे पाठवा ना!” दोघांकडे पाठवलं. एकाने मंजूर केलेली रजा दुसऱ्याकडे पडून राहिली आणि पोरगी लग्नाला जाऊन परत आली तरी अर्ज ‘प्रलंबित’च. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याचं नाव त्या वाटेतून काढलं.

क्लाउडवरच्या प्रणालींनी हा निवाडा पक्काच करून टाकला. सक्सेसफॅक्टर्समध्ये मुख्य मॅनेजर नोकरीच्या नोंदीत असतो. मॅट्रिक्स मॅनेजर ‘जॉब रिलेशनशिप्स’ या बाजूच्या कप्प्यात. वर्कडेमध्ये मॅट्रिक्स ऑर्गनायझेशन हा स्वतंत्र प्रकार आहे, पण माणूस राहतो एकाच सुपरवायझरी ऑर्गनायझेशनमध्ये, आणि भरती, बदली, बढती हे सगळं मुळात तिथूनच चालतं. दुसऱ्या साहेबाला मूल्यमापनाच्या फॉर्मवर शेरा लिहायला मिळतो. अधिकार द्यायचे तर देता येतात, सोय आहे. पण ते मुद्दाम मागावे लागतात, आणि मागायला सहसा कुणी येत नाही. यात मी सॉफ्टवेअरला दोष देत नाही. कंपन्यांनाच दुसरा साहेब नकाशात हवा असतो, सहीत नको असतो.

तेव्हा तुमच्या कंपनीत हे काम निघालं, तर एक करा. सल्लागाराला फाइल पाठवण्याआधी रजा, पगारवाढ, बदली आणि कामावरून कमी करणं या चार गोष्टींपुढे कुणाची सही, हे दोन्ही साहेबांना एका खोलीत बसवून कागदावर लिहून घ्या. चारही ठिकाणी पहिल्याचंच नाव आलं, तर तुमच्याकडे मॅट्रिक्स नाही. दुसरा रकाना रिकामा ठेवा.