जे कपाटात, तेच ताटात

हॉटेल मॅनेजमेंटच्या एखाद्या छोट्या कॉलेजला ग्रंथालय कशाला हवं, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न अगदीच वेडगळ वाटणार नाही. स्वयंपाक ही हाताची विद्या. कणीक किती सैल भिजवायची, तेल किती तापू द्यायचं, पाक एकतारी झाला की दोनतारी, हे वाचून कळत नाही. ते बोटांना, नाकाला आणि कानाला कळतं. आपल्याकडे ही विद्या आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आणि आचाऱ्याकडून त्याच्या हाताखालच्या पोराकडे अशीच चालत आली. मग अशा कॉलेजातली पुस्तकांची चार-सहा कपाटं, दोन लांब टेबलं आणि एक ग्रंथपाल हा सगळा नियमापुरता केलेला खर्च म्हणायचा का?

इतिहास तसं म्हणू देत नाही. हाताची विद्या हाताबरोबर जाते. ती मागे उरते, ती कुणी लिहून ठेवली असेल तर. आणि लिहिलेलंही टिकतं, ते कुणी सांभाळून ठेवलं असेल तर. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात ग्रंथालयाचं काम इथून सुरू होतं.

तंजावरचंच उदाहरण घेऊ या. तिथल्या मराठा राजघराण्यातले दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. पुस्तकांचं त्यांना विलक्षण वेड. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला तिथला ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की आज 'सरस्वती महाल' हे नाव त्यांच्याच नावाबरोबर घेतलं जातं. या संग्रहात वेदान्त, वैद्यक, संगीत यांच्या पोथ्यांबरोबर राजवाड्यातल्या स्वयंपाकाविषयीचं एक मराठी हस्तलिखितही आहे. 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे त्याचं नाव. शरभेंद्र म्हणजे सरफोजी. पुढे १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले, त्यांना मुलगा नव्हता, आणि संस्थान खालसा झालं. राजवाड्याचा मुदपाकखाना थंडावला. तिथले आचारी कुठे पांगले, त्यांच्या हातची चव कुणाच्या हाती गेली, याचा माग आज काढता येत नाही. पोथ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. १९१८ मध्ये तो संग्रह सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुला झाला आणि पुढे ग्रंथालयानंच ते पाकशास्त्र छापूनही काढलं. चूल विझली, पण कागद उरला आणि कागदामुळे चूल पुन्हा पेटवता येण्याची सोय झाली.

त्याहून जुनी गोष्ट 'मानसोल्लास' या ग्रंथाची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं सुमारे ११३० मध्ये हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. राजानं काय काय उपभोगावं हे सांगताना त्यानं 'अन्नभोग' या प्रकरणात पदार्थांची मोठी यादी दिली आहे. आपले मांडे, वडे, पुऱ्या, इडलीसारखा एक पदार्थ, मांस आणि मासे शिजवण्याच्या रीती, सगळं त्यात आहे. हा ग्रंथ आधुनिक वाचकाच्या हाती आला तो बडोद्यामुळे. सयाजीराव गायकवाडांनी आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं, त्याच बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीतर्फे गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ मध्ये 'मानसोल्लासा'चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. संपादक होते गजानन श्रीगोंदेकर. आज कुणी शेफ 'बाराव्या शतकातली मेजवानी' म्हणून खास मेनू मांडतो, तेव्हा त्या मेजवानीमागे असं एक ग्रंथालय आणि असा एक संपादक उभा असतो.

आणि हस्तलिखितं सांभाळणारा माणूसच संशोधक निघाला तर काय होतं, हे पुण्यानं पाहिलं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झालं. तिथले क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९६१ मध्ये निधन होईपर्यंत पोथ्यांच्या सहवासात आयुष्य घालवलं. त्यांनी जिलेबीचा इतिहास लिहिला, मक्याचा लिहिला, घोड्यांना चारल्या जाणाऱ्या हरभऱ्याचासुद्धा लिहिला. जिलेबीचा माग काढताना ते सतराव्या शतकातल्या रघुनाथ पंडितांच्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथापर्यंत पोहोचले आणि तिथून आणखी मागे, सुमारे १४५० च्या एका जैन कथाग्रंथापर्यंत. आपण जिला पिढ्यान्‌पिढ्या घरची समजतो, ती जिलेबी पश्चिम आशियातून आली आणि पाचशे वर्षांपूर्वीच इथे रुळली होती, हे असं पोथ्या चाळून कळलं. कढईत डोकावून ते कधीच कळलं नसतं.

मग छापखाना आला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघालं. मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणीमित्र' आलं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं ते घराघरात पोहोचलं. या पुस्तकांकडे ओळीनं पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जुनं माप शेर आणि तोळ्याचं. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि बघता बघता तोळा फक्त सराफाच्या दुकानात उरला. आजच्या मुलाच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक दिलं तर भाषा त्याला कळेल, पण माप कळणार नाही. ते पुस्तक त्याला वापरता यावं म्हणून कुणीतरी शेजारी मापांचा तक्ता ठेवावा लागतो. ग्रंथपालाचं काम हे असं असतं.

आता राजवाडा आणि घर सोडून हॉटेलकडे वळू. हॉटेलचा व्यवसाय शाळेत शिकवावा ही कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला १८९३ मध्ये हॉटेल व्यवसायाची शाळा निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं १९२२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. या दोहोंच्या मधोमध, १९०३ मध्ये, ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफचा 'ल गिद क्युलिनेर' हा ग्रंथ आला. हजारो पाककृती त्यात नेमक्या वर्गवारीनं मांडलेल्या. मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला नियम हवे होते, ते या पुस्तकानं दिले. जगभरच्या शाळांनी ते कपाटात ठेवलं, त्यावरून अभ्यासक्रम बेतले आणि फ्रेंच स्वयंपाक हाच 'शास्त्रशुद्ध' स्वयंपाक ठरला. आजही आपल्याकडचा विद्यार्थी बेशामेल, वेलूते, एस्पान्योल, टोमॅटो आणि हॉलंडेज ही पाच मूळ सॉस तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण काळ्या आणि गोड्या मसाल्यात फरक काय, हे विचारलं की घरी फोन करतो. यात त्या मुलाचा दोष नाही. जे कपाटात, तेच ताटात.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात झाली ती मात्र चैनीतून नव्हे, टंचाईतून. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं धान्याच्या तुटवड्याची होती. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री होते. लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानं महिलांच्या अन्न परिषदेनं 'अन्नपूर्णा' उपाहारगृहं चालवली. स्वस्त आणि पौष्टिक जेवण मोठ्या प्रमाणावर रांधायचं, तर शिकलेली माणसं हवीत. या गरजेतून १९५४ मध्ये मुंबईत केटरिंगचं कॉलेज सुरू झालं. दादरची आजची संस्था ती हीच, आणि तिच्या नावात हॉटेलच्या जोडीला 'अप्लाइड न्यूट्रिशन' म्हणजे पोषणाचा शब्द आहे, तो या जन्मकथेमुळे.

कॉलेज निघालं, पण शिकवायचं कशावरून? घरगुती पुस्तकांतली वाटी-चमच्याची मापं मोठ्या स्वयंपाकघराला पुरत नाहीत. आठ माणसांच्या आमटीचं प्रमाण दहापट केलं की ऐंशी माणसांची आमटी होते, असं कुणी समजू नये. मीठ, तिखट आणि पाणी त्या हिशेबानं वाढत नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत प्रमाण नेमकं, पण पदार्थ परके. ही अडचण याच कॉलेजात दीर्घकाळ प्राचार्य असलेल्या थंगम फिलिप यांनी दूर केली. त्यांचं 'मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड' हे पुस्तक १९६५ मध्ये आलं. नावातच सांगितलंय, शिकवण्यासाठी आणि धंद्यासाठी. भारतीय पदार्थ पाश्चात्त्य पदार्थांच्या शेजारी, त्याच शिस्तीत, वर्गात शिकवता येतील असे मांडलेले. पुढे १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा गौरव म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या ग्रंथालयांतली या पुस्तकाची ती सुटी झालेली, हळदीचे डाग पडलेली प्रत. असे डाग ज्या पुस्तकावर असतात, ते वापरलं गेलं असं समजावं.

अशा छोट्या ग्रंथालयाची आतली घडीही मोठी गमतीची असते. पुस्तकं लावण्याची ड्युई यांची दशांश पद्धत १८७६ मधली. तिच्यात खाद्यपेयं ६४१ क्रमांकावर येतात, म्हणजे गृहव्यवस्थेच्या विभागात. भारतीय स्वयंपाकाचा आकडा ६४१.५९५४. वाढण्याची आणि टेबल मांडण्याची पुस्तकं ६४२ मध्ये, हॉटेल चालवण्याची ६४७ मध्ये, आहारशास्त्र ६१३ मध्ये, मद्य आणि इतर पेयांचं तंत्र ६६३ मध्ये, हिशेब ६५७ मध्ये. म्हणजे स्वयंपाकघरात जे एका ओट्यावर असतं, ते ग्रंथालयात सहा ठिकाणी विखुरतं. विद्यार्थी सकाळी पांढरा कोट चढवून धावत येतो. दहा मिनिटांत प्रॅक्टिकल असतं, आणि त्याला इंडेंट, म्हणजे कोठीतून मागायच्या जिनसांची यादी, भरून द्यायची असते. त्याला ६१३ आणि ६४१ शी देणंघेणं नसतं. त्याला 'वीस माणसांचा पुलाव' हवा असतो. ही सहा कपाटं डोक्यात ठेवून नेमकं पान उघडून देणारा माणूस असेल, तर चार कपाटांचं ग्रंथालयही मोठं ठरतं. तो नसेल तर मोठी इमारतही उपयोगाची नाही.

याखेरीज अशा ग्रंथालयात पुस्तकाच्या पलीकडचंही पुष्कळ हवं. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारास मेनूकार्डं गोळा करायला सुरुवात केली. १९२४ मध्ये त्या वारल्या तोवर पंचवीस हजारांहून अधिक कार्डं जमली होती. लोक जेवून झाल्यावर टाकून देतात, तो हा कागद. पण शंभर वर्षांनी त्याच कार्डांवरून कोणता मासा कधी स्वस्त होता आणि कधी दुर्मिळ झाला, हे समुद्राच्या अभ्यासकांना शोधता आलं.

आपल्याकडे कुणी असं जमवलं असतं तर? मुंबईतल्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळींत जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांचं दोन वेळचं रांधणाऱ्या त्या बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं, कर्ज मिळवून दिलं. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, खानावळीही ओसरल्या. कोकणातला, देशावरचा, खानदेशातला कामगार ज्या एका चवीवर राबला, ती चव कोणत्या प्रमाणातून येत होती? कमी पैशात, एका स्टोव्हवर इतक्या माणसांचा स्वयंपाक वेळेवर कसा होत होता? हॉटेल मॅनेजमेंटच्या दृष्टीनं हा उत्तम अभ्यासविषय होता. एस्कॉफिएचं स्वयंपाकघर आपण पुस्तकातून जाणतो. लालबाग-परळच्या खानावळीचं स्वयंपाकघर मात्र आपण पाठ्यपुस्तकात येऊ दिलं नाही.

हे अजूनही भरून काढता येईल, आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आज जिल्ह्याजिल्ह्यात हॉटेल मॅनेजमेंटची छोटी कॉलेजं आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यानं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आपल्या भागातल्या एका जुन्या हाताकडून एक पदार्थ नीट लिहून आणावा. ती घरातली आजी असेल, लग्नाचा आचारी असेल, खानावळवाल्या मावशी असतील. मूठ आणि चिमूट प्रत्यक्ष तराजूवर घालून ग्रॅममध्ये लिहायची. भांडं कोणतं, जाळ किती, वेळ किती, किती माणसांना पुरलं, हेही लिहायचं. सांगणाऱ्याची परवानगी आणि त्याचं नाव, गाव, तारीख टाकायची. ग्रंथपालानं त्या वह्या बांधून, क्रमांक देऊन कपाटात ठेवायच्या. पन्नास मुलांच्या कॉलेजात दहा वर्षांत पाचशे पदार्थ होतील. तंजावरच्या राजाला पदरी लेखक ठेवावे लागले. आपल्याकडे लिहिता येणारी मुलं वर्गातच बसली आहेत.

ज्यांच्याकडून हे लिहून घ्यायचं, ती माणसं मात्र फार काळ थांबणार नाहीत. म्हणून कपाटात जागा आताच करायला हवी.