वारुळावरची अळंबी : ओळख आणि वर्गीकरण

शिरोली एमआयडीसी : पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीच्या पट्ट्यात वारुळांच्या आसपास उगवणारी पांढरी-करडी अळंबी खवय्यांच्या विशेष आवडीची. मात्र शहरातील उद्याने आणि औद्योगिक वसाहतींतील हिरवळीवर तिच्यासारखीच दिसणारी विषारी छत्रीही याच दिवसांत उगवते. त्यामुळे तिची शास्त्रीय ओळख असणे आवश्यक ठरते.

अळंबी ही वनस्पती नव्हे. हरितद्रव्य नसलेल्या कवकांची स्वतंत्र सृष्टी मानली जाते. वारुळावरच्या अळंबीची प्रजाती 'टर्मिटोमायसेस'. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये ती प्रस्थापित केली. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी 'टर्मिटोमायसेस हेमी' ही जाती के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातून नोंदविली. बीजाणूंच्या गुलाबी रंगामुळे या प्रजातीचे कुल कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. डीएनएच्या अभ्यासानंतर तिचा समावेश 'लायोफायलेसी' कुलात करण्यात आला.

वाळवीची शेती
वाळवी पालापाचोळा व लाकूड खाते आणि विष्ठेतून वारुळात स्पंजासारखे थर रचते. या थरांवर कवक वाढते, त्यातील सेल्युलोज व लिग्निन पचण्याजोगे करते आणि तेच वाळवीचे अन्न बनते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. पावसाने जमीन भिजली की याच थरांतून मुळासारखा लांब देठ वर येतो आणि टोकदार टोपी माती फोडते. वाळवीवाचून या अळंबीची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. साहजिकच वारूळ खणून काढले, तर पुढील वर्षांचे पीकही जाते.

फरक बीजाणूंचा
हिरवळीवरच्या विषारी छत्रीचे नाव 'क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस'. टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवल्यास तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट उमटतो; वारुळावरच्या अळंबीचा गुलाबी. परंतु विषारी छत्रीच्या टोपीखालचे पापुद्रेही कोवळेपणी पांढरेच असतात. शिवाय केवळ गुलाबी ठसा म्हणजे खाण्यायोग्यतेची हमी नव्हे. चांदीचा चमचा काळा पडणे किंवा किड्यांनी अळंबी खाल्लेली असणे, या कसोट्यांना शास्त्रीय आधार नाही. काही जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. म्हणून अनोळखी अळंबी खाऊ नये. खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब झाल्यास उरलेला नमुना सोबत घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे.