उशिराचा कंगवा

माझ्या डोक्यावर कंगव्याला काम मिळेनासे होऊन आता वीस वर्षे झाली. त्यामुळे परवा नातीने तिच्या खोलीतून "आजोबा, कोंब ऐकायला या!" अशी हाक मारली, तेव्हा मला आठवली ती मटकी. मटकीला कोंब येतात हे ठाऊक होते; ते ऐकूही येतात हे नवीन होते.

खोलीत तिचा सिंथेसायझर होता. तिने एक पट्टी दाबली. नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा येते, तसा 'फस्स' आवाज झाला. मग तिने एक बटण फिरवले आणि त्याच फसफशीतून तार छेडल्यासारखा स्वच्छ सूर निघाला.

"काय केलंस गं?"

"काही नाही. आवाज त्याच्याच मागून थोडा उशिरा सोडला. कोंब फिल्टर म्हणतात. कोंब म्हणजे कंगवा, आजोबा!"

कंगव्याचे दुःख मी गिळले, पण उशीर? अडतीस वर्षांच्या नोकरीत मी कचेरीत एकदाही उशिरा गेलो नाही आणि दुसऱ्याचा उशीर कधी पोटात घातला नाही. उशिरातून लेटमार्क निघतो एवढेच मला माहीत. सूर कसा निघेल?

नातीने कागदावर समजावले. आवाज आणि त्याची मागून आलेली नक्कल एकत्र झाली, की काही कंपनांच्या बाबतीत लाटेच्या उंचवट्यावर नकलेचा खळगा येतो आणि दोन्ही गारद होतात. काहींच्या बाबतीत उंचवट्यावर उंचवटा चढतो. उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असेल, तर सेकंदाला ५००, १५००, २५०० कंपनांचे सूर गळतात आणि १०००, २०००, ३००० चे फुगतात. आलेख काढला की दाता, खाच, दाता, खाच. झाला कंगवा! निघालेला आवाज पुन्हा त्याच वाटेने फिरवत राहिले, की दाते अणकुचीदार होतात आणि गोंगाटाचा सूर होतो.

हे प्रथम लक्षात आले ते ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या. म्हणजे ज्याने १६५६ साली लंबकाचे घड्याळ करून जगाच्या मागे लेटमार्क लावून दिला, त्याच्याच! फ्रान्समधल्या शांतिई इथल्या वाड्याच्या बागेत एक कारंजे होते आणि समोर दगडी जिना. मधे उभे राहिले की जिन्याकडून एक अखंड सूर ऐकू येई. लोक काहीबाही कारणे सांगत. हायगेन्सने १६९३ साली लिहून ठेवले की, कारंज्याचा खळखळाट प्रत्येक पायरीवरून परततो, पण मागची पायरी आपला वाटा किंचित उशिरा पाठवते. पायरीची रुंदी भरली १७ इंच. तेवढ्याच लांबीची कागदाची नळी करून पाहिली, तर तिच्यातूनही तोच सूर! पुढे हिवाळ्यात जिना बर्फाने भरला. कारंजे तेच होते, सूर मात्र गेला.

मग उशिराला बरे दिवस यायला पावणेतीनशे वर्षे लागली. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जॉन लेननला एकच गाणे दोनदा गाण्याचा कंटाळा आला, म्हणून केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दुसऱ्या टेपरेकॉर्डरवरून त्याचाच आवाज त्याच्या मागे किंचित उशिरा लावून दिला. पण दरवेळी टेपरेकॉर्डर कोण वाहून नेणार? १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सांगस्टर आणि टेर यांनी युक्ती काढली, तिचे नाव चक्क बादल्यांची रांग! आग विझवताना माणसे हातोहात बादल्या देतात, तसा विजेचा भार घड्याळाच्या ठोक्यागणिक एका साठवणीतून दुसरीत जातो. आमच्या चाळीत नळ तळमजल्यावर आणि बिऱ्हाड तिसऱ्यावर. बादली आठ हातांतून वर यायची. उशीर व्हायचा, थोडे सांडायचे, पण पोचायची. चाळीला मात्र पेटंट कोणी दिले नाही. ही रांग पुढे सिंथेसायझरच्या पोटात जाऊन बसली. १९८३ साली कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी संगणकावर दाखवले की, क्षणभराचा गोंगाट अशा फेऱ्यात सोडून दरवेळी थोडा बोथट करत नेला, की छेडलेली तार वाजते. नातीने ऐकवले ते हेच.

रात्री आरतीला उभा राहिलो. आमची ही असताना स्वयंपाकघरातून ओले हात पदराला पुशीत यायची आणि माझ्या मागून अर्धा शब्द उशिरा म्हणायची. चाळीस वर्षे मी तिला सांगितले, "अगं, वेळेवर म्हण." शास्त्राला हा उशीर चालायचा नाही, तिथे सहस्रांशाचा हिशेब, इथे चांगला अर्धा शब्द! पण तिला जाऊन तीन वर्षे झाली. आता आरती अगदी वेळेवर होते आणि नुसती फस्स वाजते.

"तूही म्हण गं," मी नातीला म्हटले.

"मला शब्द येत नाहीत. तुमच्या मागून म्हणू?"

"म्हण," मी म्हणालो. "उशीर झाला तरी चालेल."