एकशे एकवीस म्हणजे पंचवीस

जुन्या मराठी पुस्तकांवर किमतीच्या जागी कधी कधी नुसत्या दोन उभ्या रेघा दिसतात. आजचा वाचक त्यांना विरामचिन्ह समजतो. ते आठ आणे असत. एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अधेली, तीन म्हणजे बारा आणे. आण्यांसाठी आडव्या किंवा तिरप्या रेघा, त्याही तीनच. चौथा आणा आला की आडव्या पुसून एक उभी यायची, आणि चौथी उभी आली की रुपया. चारच्या पायावरची संख्यालेखनपद्धती कीर्दखतावणी लिहिणाऱ्याला कोणी शिकवली नव्हती. तो रोज तीच लिहीत होता, तीही शून्याशिवाय. कारण रेघ उभी की आडवी यावरूनच स्थान कळे.

एक रुपया नऊ आणे घ्या. रुपया एक, उभ्या रेघा दोन, आडवी एक. एकूण आणे २५, आणि चारच्या पायावर २५ ही संख्या १२१ अशीच लिहितात : १६ + ८ + १. आपल्या नेहमीच्या दशमानात १२१ हा अकराचा वर्ग. चारच्या पायावर ११ म्हणजे पाच, आणि पाचाचा वर्ग पंचवीस. दोनाहून मोठा कोणताही पाया घ्या, १२१ हा वर्गच राहतो. पण शेवटी १ आहे म्हणून संख्या विषम, असे म्हणाल तर फसाल. तीनच्या पायावर १२१ म्हणजे सोळा. पहिला गुण टिकला, दुसरा गेला.

सोळाची ही परंपरा इंग्रजांची नव्हे. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य आरंभीच नाणी सांगतात : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव करीत जा, अपूर्णांक येतच नाही. अडचण तिसऱ्या हिश्श्याची. तिथे बारा पैंचा आणा कामी येई. रुपयाच्या १९२ पै, म्हणून तिसरा हिस्सा नेमका पाच आणे चार पै.

चामोर्शी तेव्हा चांदा जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ला हा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ला, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. राज्य बदलल्याने बाजारातला हिशेब अडत नाही. पाया बदलल्याने अडतो. आणा झाला सव्वासहा नये पैसे, आणि सव्वासहाचे नाणे कुठून आणायचे? कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९, चार म्हणजे २५. जुनी-नवी नाणी काही वर्षे एकत्रच चालली. चारोळी किंवा मोहफुले आण्या-आण्याने चार वेळा विकणाऱ्या बाईला २४ नये पैसे मिळणार, आणि तीच रास एकदम विकणारीला २५. शंभराच्या पाढ्यात तो एक पैसा कुठे गेला हे दाखवता येत नाही. जुन्या रेघांत चार आडव्यांची एक उभी व्हायची, आणि ते अक्षरओळख नसलेल्यालाही बोटांवर मोजता येई.

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला नव्या पैशाचा पहिला फेरा आला तो १९५८मध्ये. ‘नये’ हा शब्द १९६४मध्ये गळला. ‘सोळा आणे खरे’ मात्र लोक अजून म्हणतात.