घाटापलीकडचा कॅमेरा

वाईकरांना शूटिंगचे नवल उरलेले नाही. ‘गंगाजल’मधले बिहारचे तेजपूर असो की ‘स्वदेस’मधले उत्तर प्रदेशातले चरणपूर, पडद्यावर ती उभी राहिली कृष्णाकाठीच. मेणवलीच्या घाटाने कुठल्या कुठल्या गावांची सोंगे घेतली. स्वतःची भूमिका मात्र त्याला क्वचितच मिळाली. लघुपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही पुस्तिका तयार करताना हीच गोष्ट मनात होती.

आपल्याकडे वास्तववादी चित्रपट परदेशातून आला, असा एक समज असतो. वाचकांनी तो जरा बाजूला ठेवावा. १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला आणि शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी त्यात तरुण व्ही. शांताराम यांनी रंगवला. सत्यजित राय यांनी लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्ज’ हा वास्तववादी इटालियन चित्रपट पाहिला तो १९५० मध्ये, म्हणजे त्यानंतर पाव शतकाने.

या वाटेवरचे अलीकडचे मोठे नाव नागराज मंजुळे यांचे. विद्यार्थ्यांना ते जवळचे वाटावेत, याला कारण आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या या कवीने अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला आणि परिस्थितीने शाळेबाहेर ठेवलेला एक मुलगा, एवढाच त्याचा जीव. त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसतो.

तुम्ही आधी ‘पिस्तुल्या’ पाहा, मग २०१३ चा ‘फँड्री’. ‘सैराट’ शेवटी ठेवलात तरी चालेल; गाणी तुम्हाला पाठ असतीलच. ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत कानावर पडताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. कोणी काही बोलत नाही. हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटते. मारलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे दिसतात, तिथेही संवाद नाही. बोलायचे ते चौकटीनेच बोलायचे, हा धडा इथून घ्यावा. शेवटी कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड मात्र घेऊ नये. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या विद्यार्थी लघुपटांत तो येऊन पडलेला आहे!

मंजुळ्यांना ‘फँड्री’चा नायक जब्या सापडला तो हलगी वाजवणाऱ्या एका मुलात. तुमचा जब्या कुठे असेल? दिवाळीनंतर वाई तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळायला मागे राहते ती शाळेच्या वयाची मुलगी. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब तिलाही ठाऊक असतो. माझ्या मते ‘सावकारी पाश’ अजून संपलेला नाही, त्याने फक्त नाव बदलले आहे. धोम धरणात ज्यांची शेते गेली, त्यांच्या घरांतही अशी एखादी गोष्ट असेल.

पुढची प्रकरणे पटकथा, ध्वनी आणि संकलन यांची आहेत. ती कोणत्याही क्रमाने वाचावीत. त्याआधी एकदा कोपीवर जाऊन या. पहिल्या दिवशी मोबाइल खिशातच राहू द्या आणि त्या मुलीला तिचे नाव विचारा.