खोर्जुव्याच्या बुरुजावरून

गेल्या चवथीच्या सुट्टीत मुलांना घेऊन खोर्जुव्याचा किल्ला पाहून आलो. खोर्जुवे हे म्हापसा नदीने वेढलेले बारदेशातील लहानसे बेट. हळदोण्याहून पूल ओलांडला की आपण बेटावर. किल्ला जांभ्या दगडाचा, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. आवार एवढे लहान की मुलांची फेरी लगेच संपली.

"बाबा, तोफा कोणावर रोखल्या होत्या?" धाकट्याने विचारले. मी नदीपलीकडे, डिचोलीच्या दिशेने बोट दाखवले. "आपल्यावर!"

१७०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कायतान द मेलो इ कास्त्रो याने हे बेट वाडीकर भोसल्यांकडून जिंकले. बेट म्हणजे बारदेशाची वेस, पलीकडे भोसल्यांचा मुलूख. डिचोली महालासाठी पुढेही झगडा चालूच राहिला. १७८१ मध्ये डिचोली आणि पुढच्या वर्षी सत्तरी पोर्तुगीजांच्या हाती गेली. सरहद्द पुढे सरकली आणि खोर्जुव्याच्या पहाऱ्याचे महत्त्व उरले नाही.

ती सरहद्द आली आपल्या लाटंबार्सेच्या वेशीवर. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी दोडामार्गला जाताना आजही आपण राज्याची सीमा ओलांडतो.

गोव्यातील असे किल्ले आपण पोर्तुगीजांचे म्हणून पाहतो. पण पहारेकरी ज्या दिशेने डोळ्यांत तेल घालून पाहत, त्या बाजूला आपले पूर्वज शेती करीत होते. मुलांना एकदा त्या बुरुजावर जरूर उभे करा आणि आपले गाव कुठल्या दिशेला आहे, ते दाखवा.